घोड्याचं वेड असलेल्या बाबांसाठी लाकडी पेन सेट : आधी कुठला घोडा ते ठरवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की बाबा ३१ ऑक्टोबरला बँकेतून रिटायर होतायत, घोड्यांचं वेड लहानपणापासूनचं, आणि तुम्हाला त्यांच्यासाठी हाताने बनवलेला लाकडी पेन सेट करून घ्यायचाय, जमलं तर त्यातलं थोडं काम स्वतःच्या हाताने करायचंय. तुमच्या डोक्यातलं चित्र म्हणजे एक फूट लांब बेस, मधोमध मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा, दोन्ही बाजूंना एकेक पेन, पेनाच्या टोकाला घोड्याचं डोकं, पुढे छोटं घड्याळ आणि व्हिजिटिंग कार्डचा खण. आणि विचारलंय की लाकूड कुठलं घ्यावं, घोडा सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीनवर, कोरून घ्यावा की हाताने.

मी बावीस वर्षं लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या मशीनवर, काम करतोय, रे रोडजवळ वर्कशॉप आहे, पेनं, पेनस्टँड, ट्रॉफ्या, बुद्धिबळाचे सेट असलं सगळं करतो. महालक्ष्मीचं रेसकोर्स फार लांब नाही त्यामुळे घोड्याच्या वस्तू करून द्या म्हणणारे दर सीझनला येतातच. लाकडाचं आणि सीएनसीचं सांगतो, पण तुमच्या प्रश्नात अगदी शेवटी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिलीय की आजोबा मिरजेला टांगा चालवायचे आणि बाबा त्या घोड्याबद्दल अजून बोलतात. मला विचाराल तर सगळ्या सेटचं डिझाईन त्या एका ओळीत आहे, आणि तुम्ही मात्र इंटरनेटवरचा कुठला तरी उधळलेला घोडा निवडलाय.

माझा अनुभव असा आहे की घोडा आवडणारा माणूस म्हणून जो आपण म्हणतो त्याला सगळे घोडे सारखे आवडत नसतात. रेसला जाणाऱ्याच्या डोळ्यासमोर लांब पायांचा, पातळ कातडीचा थरोब्रेड असतो. राजस्थानात नोकरी करून आलेला माणूस मारवाडी घोड्याचे आत वळलेले कान, टोकाला टोक भिडलेले, तेच शोधतो आणि ते नसले तर तुमचं कोरीवकाम कितीही सुंदर असो तो म्हणणार हा कुठला घोडा. माथेरानला लहानपण गेलेल्याचा घोडा वेगळा, सारंगखेड्याच्या यात्रेला दरवर्षी जाणाऱ्याचा वेगळा. तुमच्या बाबांचा घोडा टांग्याचा आहे. बहुतेक मध्यम उंचीचा, कामाचा, डोळ्यांना झापडं, गळ्यात घुंगरू, डोक्यावर कदाचित तुरा, आणि मिरज स्टेशनबाहेर शांत उभा राहणारा. दोन पायांवर उभा राहिलेला घोडा टांगेवाल्याच्या घरात कौतुकाचा नसतो हो, टांग्याला जोडलेला घोडा असा उभा राहिला तर अपघात होतो. बाबांना ते माहीत असणार, बोलणार नाहीत ते, भेट मुलीने दिलीय म्हणून.

हे मी ठामपणे सांगतोय कारण मी एकदा यात चुकलोय. सुरुवातीच्या वर्षांत रेसचे घोडे असलेल्या एका कुटुंबासाठी सेट केला होता, बेसवर भरधाव घोडा उठावात कोरला, चारही पाय हवेत, पुढचे पुढे आणि मागचे मागे असे ताणलेले, जुन्या चित्रांत असतात तसे. गृहस्थांनी हातात घेतला, बोट फिरवलं आणि म्हणाले काम छान आहे पण असा पळत नाही तो. आणि खरंच नाही पळत. मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने १८७८ मध्ये पळत्या घोड्याचे एकामागून एक फोटो काढले तेव्हाच दिसलं होतं की चारही पाय हवेत असतात ते पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, ताणलेले असताना नाही. मला तेव्हा माहीत नव्हतं. तो सेट त्यांनी घेतला, पैसे पूर्ण दिले, पण टेबलावर कधी ठेवलेला मी पाहिला नाही. तेव्हापासून मी घोडा पूर्ण कोरायचं टाळतो, जितकं कमी दाखवाल तितकं चुकायला कमी जागा आणि बघणाऱ्याला स्वतःचा घोडा त्यात दिसायला जास्त जागा.

आता दुसरी गोष्ट, सेट राहणार कुठे. पेन सेट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर साहेबाचं मोठं टेबल येतं. पण बाबा रिटायर होतायत, एक नोव्हेंबरपासून ते टेबलच नाही. तुम्ही लिहिलंय घर वन बीएचके, परळला. म्हणजे हा सेट एकतर डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यावर राहणार, नाहीतर टीव्हीच्या युनिटवर, नाहीतर खिडकीतल्या कट्ट्यावर जिथे ते सकाळी पेपर वाचतात. एक फुटाचा बेस दोन दिवस कौतुकाने राहील आणि मग कपाटावर जाईल, कारण जेवायला बसताना रोज उचलून ठेवायचा म्हणजे घरच्यांना कंटाळा. व्हिजिटिंग कार्डचा खण तर काढूनच टाका, रिटायर झालेल्या माणसाला रोज रिकामा खण कशाला दाखवायचा. घड्याळही नको, त्या छोट्या क्वार्ट्झ मशीन काही वर्षांत बंद पडतात आणि बंद घड्याळ टेबलावर चांगलं दिसत नाही.

साठीच्या माणसाला हाताशी काय लागतं ते बघा. एक पेन, शब्दकोडं सोडवायला आणि पासबुकात खुणा करायला. आणि चष्मा. चष्मा कुठे ठेवला हे प्रत्येक घरात दिवसातून चार वेळा होतं. म्हणून माझं डिझाईन असं की एक पेन आणि चष्मा ठेवायची जागा, बस, आणि घोडा वेगळा बसवायचाच नाही, बेसचीच बाजूची रेघ घोड्याच्या पाठीची करायची.

नीट सांगतो. आठ इंच लांब, साडेतीन इंच रुंद आणि दोन इंच जाड असा एक ठोकळा घ्या. बाजूने बघताना डाव्या टोकाला पूर्ण दोन इंच उंची, तिथे मानेचा बुंधा आणि खांदे. तिथून रेघ खाली उतरते, मधे साधारण एक इंचापर्यंत, ही पाठ, आणि मग परत थोडी वर चढून सव्वा इंचावर पुठ्ठा, म्हणजे घोड्याचा मागचा उंच भाग, आणि तिथून गोल खाली. खांद्याच्या जागी तिरका पेन उभा राहतो, मान पुढे काढावी तसा, आणि पाठीच्या खोलगट जागेत, जिथे खोगीर येतं तिथे, चष्मा बसतो. डोकं नाही, पाय नाहीत, शेपूट नाही. ज्याला घोडा माहीत नाही त्याला ती नुसती सुंदर वळणाची लाकडी वस्तू वाटेल, आणि ज्याने लहानपणी घोड्याच्या पाठीवरून खरारा फिरवलाय तो चष्मा उचलताना हात फिरवेल तेव्हा त्याच्या हाताला कळेल.

ही रेघ बरोबर यायला हवी हे खरं, सगळं त्यावरच आहे. फोटोवरून काढू नका, फोटोत लेन्समुळे मान किंवा पुठ्ठा मोठा दिसतो. एका रविवारी राणीच्या बागेत जा. काळा घोडा म्हणतात तो मूळ पुतळा, १८७९ चा, सातव्या एडवर्डचा, १९६५ मध्ये फोर्टातून हलवला तो तिथे आहे. आता काळा घोडा चौकात जो उभा आहे तो २०१७ चा नवीन, स्वाराशिवायचा. दोन्ही बघा, कारण स्वार नसला की पाठीची रेघ पूर्ण दिसते, मानेच्या बुंध्याला खांद्यामागे जो उंचवटा असतो तो कुठे संपतो आणि पाठ कुठे सुरू होते ते कळतं. वहीत दहाबारा रेघा काढा, चित्र चांगलं यायची गरज नाही, फक्त ती एक रेघ. मग जाड कार्डबोर्डवर खऱ्या मापाची काढून कापा आणि तो कार्डबोर्ड चार दिवस घरात समोर उभा करून ठेवा. जिथे खटकेल तिथे कात्रीने कमी करा. माझ्याकडे जे गिऱ्हाईक येतं त्यालाही मी हेच करायला लावतो, लाकडाला हात लावायच्या आधी.

म्हणजे तुमच्या सीएनसीच्या प्रश्नाचं उत्तर आपोआपच मिळालं. ही बाजूची रेघ बँडसॉवर, म्हणजे पट्टीच्या करवतीच्या मशीनवर, दहा मिनिटांत कापली जाते, कुठलाही सुतार करून देईल, पुढचं गोलाईचं काम कानस आणि पॉलिश पेपरचं आहे आणि ते तुम्ही घरी करू शकता. पेनाच्या टोकावर घोड्याचं डोकं मात्र कुणाकडूनही करून घेऊ नका, मशीनवरही नाही आणि हातानेही नाही. एक तर पेनाचं वजन वर जातं आणि लिहिताना पेन मागे ओढतं, दुसरं म्हणजे लाकडाचे तंतू एकाच दिशेने जातात, मानेच्या दिशेने धरले तर कान मजबूत होतात पण पुढे आलेलं तोंड तंतूंना आडवं पडतं आणि पहिल्यांदा पेन पडलं की तोंड तुटतं. बुद्धिबळातला घोडा करताना हाच त्रास असतो, सगळ्या सोंगट्यांत वेळ त्यालाच सगळ्यात जास्त जातो, आणि तो तर अंगठ्याएवढा जाड असतो.

लाकूड. इथे मात्र बरंच काही अवलंबून आहे, सगळ्यात आधी त्या घोड्याच्या रंगावर. बाबांना सरळ विचारलंत तर त्यांना संशय येईल, गावाकडे आत्या किंवा काका असतील त्यांना फोन करा. तांबूस तपकिरी अंग असेल तर शिसम बरोबर बसतं. गडद अंग आणि काळी आयाळ, काळे पाय असतील तर शिसवी, जुनी मिळाली तर फारच उत्तम, तिच्यात तपकिरीत काळ्या जांभळट रेघा असतात. पांढरा घोडा असेल तर हळदू किंवा शिवण, ही फिकट पिवळसर लाकडं, आणि पांढऱ्याबद्दल एक गोष्ट, बरेचसे पांढरे दिसणारे घोडे जन्मतः गडद असतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात, त्यामुळे बाबांच्या आठवणीत तो राखाडी असेल आणि आत्याच्या आठवणीत पांढरा, दोघंही खरं सांगत असतील, वय किती होतं तेवढं विचारा. रंग कुणालाच आठवत नसेल तर जुनं सागवान घ्या. डाय किंवा काळं पॉलिश मारून घोड्याचा रंग आणायचा प्रयत्न करू नका, हात लागून लागून कडा उघड्या पडतात आणि वस्तू स्वस्त दिसायला लागते.

जुनं सागवान म्हणजे जुन्या चाळी, वाडे पाडतात त्याच्या तुळया आणि दाराच्या चौकटी. रे रोड, दारूखाना भागात वखारी आहेत, ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरवाल्यांकडेही तुकडे मिळतात. लाकूड घनफुटाने विकतात पण तुम्ही घाबरू नका, एक घनफूट म्हणजे १७२८ घनइंच आणि तुमचा ठोकळा आहे ५६ घनइंच, म्हणजे घनफुटाचा एकतिसावा हिस्सा, हा वखारीच्या कोपऱ्यात पडलेल्या तुकड्यांतून निघतो. नवीन दोन इंची जाड लाकूड बाहेरून कोरडं वाटतं आणि आत ओलं असतं, जुनी तुळई कित्येक वर्षं वाळलेली असते, हा मोठा फायदा. फक्त लोहचुंबक घेऊन जा आणि सगळीकडून फिरवा, आत मोडलेला खिळा असला तर सुताराचं पातं जातं आणि तो तुमच्यावर चिडतो, बरोबरच आहे त्याचं. आणि ठोकळा निवडताना टोकाकडून बघा, झाडाच्या वाढीच्या वलयांच्या रेषा शक्यतो उभ्या दिसल्या पाहिजेत, आडव्या नकोत, कारण लाकूड वलयांच्या दिशेने जास्त फुगतं आणि वलयांना काटकोनात कमी, सागवानात हा फरक दुपटीच्या आसपास आहे.

हे फुगण्याचं मुंबईत हलक्यात घेऊ नका. पावसाळ्यात इथल्या हवेत लाकडात १६-१७ टक्के ओलावा राहतो आणि एसीच्या खोलीत तेच लाकूड हळूहळू नऊ-दहा टक्क्यांवर येतं. साडेतीन इंच रुंदीत हा फरक साधारण एक मिलिमीटर आकसण्याइतका होतो, वलयं आडवी असतील तर. एक मिलिमीटर ऐकायला काही नाही पण त्याला वाट मिळाली नाही की तो तडा होऊन बाहेर येतो. मी एकदा जुलैमध्ये केलेला सेट एसी केबिनमध्ये गेला आणि डिसेंबरात पेनाच्या भोकापासून काठापर्यंत चिरला, कारण मी खाली लोखंडी पट्टी चारही कोपऱ्यांत स्क्रूने घट्ट कसून टाकली होती. तुम्ही आता ऑगस्टअखेर लाकूड घेताय म्हणजे ते ओल्या हवेतलंच असणार. घरी आणा, खोक्यात घालू नका, सेट ज्या खोलीत राहणार तिथे चार बाजूंनी हवा लागेल असं ठेवा आणि दर दोन दिवसांनी किचनच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. वजन उतरत उतरत एका आकड्यावर थांबलं की लाकूड त्या खोलीला सरावलं. ओलावा मोजायचं मीटर विकत घ्यायची गरज नाही.

पेनासाठी मी वेगळं लाकूड सुचवतो आणि हे मला स्वतःला फार आवडलेलं आहे, बाभूळ. आपल्याकडे गाड्यांची चाकं, औतं पिढ्यानपिढ्या बाभळीची होत आली कारण ती कठीण, चिवट आणि मार खाणारी असते. आजोबांच्या टांग्याच्या चाकातही ती असण्याची शक्यता बरीच आहे. आतलं लाकूड तांबूस असतं आणि वर्षागणिक गडद होतं. पेनाला लागतो फक्त पाच इंच लांब आणि पाऊण इंच जाड तुकडा, मिरजेकडून कुणी येत असेल तर तिथल्या सुताराकडून वाळलेल्या बाभळीचा तुकडा मागवा, बोटाएवढं लाकूड कुणीही देईल. ताजं असेल तर दोन्ही टोकांना मेण लावून ठेवा, नाहीतर टोकाकडून भेगा पडतात.

पेन लेथवर करावं लागतं, हे तुम्ही घरी नाही करू शकणार, पण करून घेताना काय सांगायचं ते सांगतो. आत पितळेची नळी एपॉक्सीने चिकटवतात आणि मग वरचं लाकूड कातून पातळ करतात. नळी आधी पॉलिश पेपरने खरवडून घ्यायला सांगा, गुळगुळीत पितळेला एपॉक्सी धरत नाही आणि दोन वर्षांनी आतली नळी गरागरा फिरायला लागते. पेन जोडण्यासाठी आतल्या सुट्या भागांचं जे किट मिळतं ते पार्करचं रिफिल बसणारं हवं, ९८ मिलिमीटर लांबीचं, ते रिफिल कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. बारीक, नाजूक दिसणाऱ्या किटमध्ये दुसऱ्या प्रकारचं लागतं आणि रिफिल संपलं की बाबा दुकानं फिरतील आणि मग पेन नुसतं शोभेचं होईल, मी अशी किती तरी पेनं बघितलीत. जाडी साडेबारा मिलिमीटरच्या आसपास ठेवा, बोटं जरा आखडायला लागली की बारीक पेन धरवत नाही. क्लिप नको. शाईचं पेन द्यायचा मोह होईल पण उघड्या भोकात उभं ठेवलेलं शाईचं पेन निबवर वाळतं, रोज सकाळी झटकावं लागतं. बॉलपेनच बरं.

बेसमधलं भोक आधी पाडायचं, रेघ कापायच्या आधी, हे विसरू नका. ठोकळा चौकोनी असतो तोपर्यंत त्याला सरळ बाजू असतात, खाली वीस अंशाची पाचर ठेवली की ड्रिल बरोबर तिरकं जातं. एकदा वळणं कापली की तो धरायलाच येत नाही. भोकात आतून चौदा मिलिमीटर जागा सोडणारी पितळेची नळी बसवा, नागदेवी स्ट्रीटला मिळेल, कारण नुसतं लाकडी भोक पावसाळ्यात अंडाकृती होतं आणि पेन अडकतं. खोली ३५ मिलिमीटर पुरे, तळाला चामड्याची छोटी चकती टाका म्हणजे पेन ठेवताना टक्क आवाज येणार नाही आणि टोकही घासणार नाही. नळीचा काठ लाकडापेक्षा केसभर वर ठेवा, सोनेरी कड दिसते, टांग्याच्या साजावर पितळ असायचं तसं. बाबा डावखुरे असतील तर सगळं उलटं करा, खांदे उजव्या टोकाला, तुम्ही लिहिलं नाहीये म्हणून विचारतोय.

घोडा पंचकल्याणी होता असं कळलं, म्हणजे चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा, तर मग मजा आहे. बेसखाली हळदूची चार छोटी बटणं पायांसारखी आणि पेनावर हळदूची एक बारीक पट्टी, पाच फिकट खुणा झाल्या, कुणाला सांगायची गरज नाही, बाबा स्वतः मोजतील. पण गडद लाकडात फिकट लाकूड बसवताना एक त्रास असतो, घासताना शिसवीची काळी धूळ हळदूच्या छिद्रांत बसते आणि ते कायमचं मळकट दिसतं. म्हणून घासायच्या आधी हळदूवर चपड्याचं, म्हणजे शेलॅकचं, पातळ पॉलिश दोनदा मारायचं, आणि त्या जागी पेपरऐवजी धारदार खरवडणीने काम करायचं. शिसवीची धूळ काही जणांना त्रास देते, अंगावर पुरळ येतं, शिंका येतात, मास्क लावूनच बसा आणि मुलं असतील तर गॅलरीत करा.

तुमच्या हाताचं काम म्हणजे मुख्यतः घासणं आणि चामडं. घासताना १२० नंबरच्या पॉलिश पेपरने कानशीचे ओरखडे काढा, मग १८०, २४०, ३२०, ४०० असं जा, मधला एकही नंबर गाळू नका, आणि कायम तंतूंच्या दिशेने. २४० झाल्यावर ओल्या फडक्याने एकदा पुसा, तंतू उभे राहतील, वाळल्यावर पुढे घासा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात हाताला खरखर लागेल. शेवटी डोळे मिटून हात फिरवा, डोळ्याला न दिसणारा खड्डा बोटाला कळतो.

पाठीच्या खोलगट भागात चामड्याचा तुकडा बसवा म्हणजे चष्म्याच्या काचेला ओरखडे जाणार नाहीत. धारावीत चामड्याची दुकानं आहेत, दोन मिलिमीटर जाडीचं, रंग न दिलेलं मागा. कडेने शिवण घालायची असेल तर एका दोऱ्याला दोन सुया लावून दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून शिवायचं, खोगीर असंच शिवतात, एक टाका तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत. आधी शिवा आणि मग चिकटवा. मुंबईच्या पावसाळ्यात चामड्यावर बुरशी येते हे धरून चाला, मधमाशीच्या मेणाचं पातळ पॉलिश महिन्यातून एकदा, आणि कोरड्या फडक्याने पुसणं.

गावच्या घरी माळ्यावर टांग्याच्या साजाचं काही शिल्लक आहे का हे आत्याला जरूर विचारा. एखादं घुंगरू, पितळेचं बक्कल, काहीही. मिळालं तर तेच बेसच्या मागच्या टोकाशी चामड्याच्या पट्टीने बांधा, घासूनपुसून नवं करू नका, नुसतं धुऊन घ्या. नाल मिळाली तर जपून ठेवा पण बेसवर लावू नका, खरी नाल पाचेक इंच रुंद असते, साडेतीन इंचाच्या बेसवर मावत नाही, आणि लोखंड ओलाव्यात सागवानाला टेकून राहिलं की लाकडावर काळे डाग पडतात. बाजारातली छोटी शोभेची नाल तर मुळीच नको, टांगेवाल्याच्या मुलाला ती खेळण्यातली वाटेल.

पॉलिशचं पटकन सांगतो. बेसला तेल आणि मेण, म्हणजे पुढे कधी डाग पडला तर तेवढीच जागा घासून परत लावता येते. सागवान आणि शिसवी दोन्हीत स्वतःचं तेल असतं, चिकटवायच्या आणि पॉलिशच्या आधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्या. पेनाला मात्र घाम लागतो, तिथे चपडा टिकत नाही, लेथवाल्याला सांगा सुपरग्लूचे पातळ थर देऊन चमक आण. आणि धो धो पाऊस असताना चपडा किंवा लॅकर मारू नका, हवेतला ओलावा आत अडकून पांढुरकं धुकं येतं.

वेळेचं गणित तुमच्याकडे नऊ आठवड्यांचं आहे. सप्टेंबर पूर्ण लाकूड सरावायला आणि कार्डबोर्डवरची रेघ पक्की करायला, त्यात गणपतीचे दिवस असले की सुतार गावाला जातात हे धरा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भोक आणि कापणी, दुसऱ्या-तिसऱ्यात तुमचं घासकाम, चामडं, पेन, आणि शेवटचा आठवडा नुसता पॉलिश सुकायला. खर्चात लाकूड सगळ्यात कमी असेल, पैसे कातकामाला आणि किटला जातील, किटमध्ये काटकसर करू नका कारण पेन फिरवून टोक आत-बाहेर करायची यंत्रणा स्वस्त असली की तीच आधी बिघडते.

मी वर जे काढून टाकायला सांगितलं, घड्याळ, कार्डचा खण, कोरलेला घोडा, त्यातलं काही तुम्हाला मनापासून हवंच असेल तर राहू द्या, भेट तुमची आहे. फक्त दोन गोष्टींवर मी अडून बसेन, एक म्हणजे रिफिल दुकानात मिळणारं हवं आणि दुसरं म्हणजे घोडा मिरजेचाच हवा.

तर आता लाकूड बघायला निघायच्या आधी आत्याला फोन. घोड्याचा रंग, पायांवर कपाळावर पांढरं होतं का, त्याला हाक काय मारायचे, आणि साजातलं काही उरलंय का. हाक मारायचं नाव मिळालं तर बेसच्या खालच्या बाजूला लेझरने नाही, तुमच्या हाताने, पॉलिशच्या आधी साध्या पेन्सिलीने लिहा, मेणाखाली ते राहतं. रंग कळला की मला कळवा, शिसम का शिसवी ते तेव्हा नक्की सांगतो.